पाच मिनिटांचा थांबा

नागपूर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये शेजारी बसलेल्या अनुसयाबाईंनी प्रणालीच्या हाती आपला फोन दिला. पलीकडे त्यांची परदेशी सून होती. ती दिल्लीहून चेन्नईला निघाली होती.

“मले इंग्रजी येत नाही वं. सांग तिले, बॅग बर्थले साखळीनं बांध म्हणावं.”

“सांगितलं, आजी.”

“पाणी सीलबंदच घे. अनोळखी माणसाच्या हातचं खाऊ नको म्हणावं.”

“हो म्हणून राहिल्या. इथं उतरणार नाहीत काय त्या?”

“नाही. गाडी पाच मिनिटं थांबते. तेवढ्यात दारातच डबा देईन.”

“आजी, तुम्हाले ओळखायचं कसं, विचारून राहिल्या. तुमचा फोटो कधी पाहिला नाही म्हणे.”

अनुसयाबाईंनी डब्याची पिशवी मांडीवर घेतली.

“लेकानं दाखवला नसन. सांग तिले, मीच ओळखीन. तिचा फोटो मी रोज पाहते.”