सगळं आलं

वाचन-तपासणीच्या खोलीबाहेर एक बाबा लेकीला अक्षरांचे पत्ते दाखवत होता. शेजारी दोन आया बोलत होत्या.

"तुमचा आत गेलाय?"

"हो. दुसरीत आहे, पण वाचताना फार अडखळतो."

"हा घ की ध? नीट बघ," बाबा म्हणाला.

"घाबरू नका. माझ्या थोरलीला इथल्या तपासणीनंतरच वेगळ्या पद्धतीनं शिकवायला लागले."

"आम्ही कसर ठेवली नाही हो. जावेच्या मुलाला इथं जो उतारा दिलेला, तोच पाठ करून घेतला."

"अगं बाई! कशाला?"

"नापास झाला तर?"

"अहो, कुठं अडतंय तेच शोधतात इथं! घडाघडा म्हणून दाखवलं, तर 'ठीक आहे' म्हणून घरी पाठवतील. मग त्याला शिकवणार कोण?"

दार उघडलं. मुलगा धावत बाहेर आला, मागून तपासणाऱ्या मॅडम.

"आई, सगळं आलं! एकदाही अडखळलो नाही!"

"शहाणं माझं बाळ. बस हं इथं. मॅडम, थांबा जरा. लबाडी माझी आहे, त्याची नाही."

ती आत गेली.

"बाबा, पुढचा पत्ता?"

"राहू दे. चल, पाणी पिऊन येऊ."