बावीस नंबरचा सायकलवाला

हॅम रेडिओवाले लोकायचे जीव वाचवतात म्हणे. मी काय वाचवलं, ते आयका.

दुष्काळाचं साल, मे महिना, अन् अकोट ते अंजनगाव सायकलींची शर्यत. मधात मोबाइल लागे नाही, म्हणून आमचा वायरलेस. मी एका बाभळीखाली बसलो. सायकलवाला गेला की त्याचा नंबर अकोटले वायरलेसवर बसलेल्या सलीमभाईले कळवायचा, एवढंच काम. सकाळपासून पोटात फक्त चहा. एकवीस जण गेले, बावीस नंबर काही येईना. दोन वाजले.

सलीमभाई म्हणे, "उन्हानं पडला असंल कुठं. ॲम्ब्युलन्स धाडतो. तुमी जागा सोडू नका. ओव्हर."

तीन वाजले. ना तो आला, ना ॲम्ब्युलन्स. आता त्याच्या घरच्यायले काय सांगावं, याच विचारात मी बसलो होतो.

तेवढ्यात मागच्या फाट्यावरून एक म्हातारबा आले. "बावीस नंबर ना? तो माह्या घरी जेवून राहिला. पाणी मांगाले आला होता. विहीर आटली हाये, पण दारातला माणूस उपाशी कसा जाऊ देऊ?"

"अन् ॲम्ब्युलन्स?"

"ड्रायवर बी बसला ना पंगतीले. तोच म्हणे, पुढं बाभळीखाली एक जण सकाळपासून बसला हाये, उपाशीच असंल. म्हणून तुमाले बलावाले आलो."

मी सलीमभाईले सारं सांगितलं. तोही सकाळपासून उपाशी.

तिकडून आवाज आला, "भाजी कायची हाये? ओव्हर."