‘येतो’ म्हणालो आणि फसलो

दमणं म्हणजे काय, ते मला विचारा. ग्लासगोहून मला पार उत्तरेच्या एका सहा घरांच्या वाडीत डॉक्टर म्हणून पाठवलं होतं. बर्फातून व्हिजिट्स करून परतलो, की शेजारची मोराग आजी चहा पाजायची. पहिल्या संध्याकाळी निघताना सवयीने बोलून गेलो, “ओके, आय विल कम.” आपल्याकडे निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? घरी गेलो आणि मेल्यासारखा झोपलो.

सकाळी आजी दारात, लालबुंद! “किटली चढवून वाट बघत बसले. येतो म्हणालास ना?”

तिला आपली पद्धत समजावली. तेव्हापासून न चुकता “आय ॲम गोइंग.”

वर्षाने बदली झाली. सामान गाडीत टाकलं, म्हणालो, “आय ॲम गोइंग.”

तिने बाही धरली. “नो, डॉक्टर. आज तुमच्याकडचं म्हण.”