जेलरसाहेबांचा पहिला दिवस

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी जेलरांना शिकवायला गेलो आणि त्यांच्यासकट कोंडला गेलो. तिकडे उत्तरेत, गोमती नगरात प्रशिक्षण होतं, विषय कैद्यांचं पुनर्वसन. लक्ष लागावं म्हणून सगळ्यांचे मोबाईल मीच बाहेर ठेवायला लावलेले. अनुभव सांगायला घरफोडीतला एक कैदी, रामलाल, आणला होता. त्याची सुटका आठवड्यावर आलेली. सोबतचे शिपाई चहाला गेले, दार ओढलं गेलं, आणि उघडायला गेलो तर हँडल माझ्या हातात. तेवढ्यात वीज गेली. आम्ही दार बडवलं, बाहेर चिटपाखरू नाही.

थोरल्या जेलरसाहेबांना दरदरून घाम फुटला. श्वास लागला. शेवटी हळूच रामलालला म्हणाले, "भैया, तुम तो खोल लेते होगे?"

रामलाल भिंतीला चिकटला. "साहब, अगले हफ्ते छूटना है. ताले को हाथ नहीं लगाऊँगा."

"अरे, मैं खुद कह रहा हूँ ना."

"पिछली बार भी किसी के कहने पर ही खोला था, साहब."

जेलरसाहेब मटकन खाली बसले. रामलाल शेजारी टेकला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "घबराइए मत. पहला दिन सबको भारी लगता है."