पातेल्यावरची मालिनी

या मंडळी, पुढे सरका. त्या खांबाला कोण टेकलंय? टेका, खुशाल टेका, पण डोळा लावू नका. आजचं आख्यान झोपेत ऐकायचं नाही. आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातच द्या, शेजाऱ्याला सांगू नका. माणसाच्या हातून एक चूक झाली. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. वर्षं गेली – एक नाही, दोन नाही, चाळीस! तर ती चूक मिटली का हो? जुनी झाली म्हणून संपली का?

तुम्ही म्हणाल, "बुवा, मिटली. आता काय त्याचं!" मीही असंच म्हणायचो. मग मला निमकरांची गोष्ट कळली, आणि देवासमोर उभा राहून सांगतो, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मिरजेचे भालचंद्र निमकर. पाटबंधारे खात्यात नकाशे काढता काढता केस पांढरे झाले आणि निवृत्त झाले. माणूस सज्जन! कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण सगळं आखून. भाजी आणायला निघाले तरी कोणत्या गल्लीतून जायचं आणि कोणत्या गल्लीतून यायचं हे ठरलेलं. या माणसाच्या लग्नाला बारा मेला चाळीस वर्षं होणार होती. आणि यांच्या मनानं काय घेतलं? बायकोला घेऊन युरोपला जायचं! दोघंच! मुलगा-सून नाही, मेहुणा-मेहुणी नाही, झेंडा धरून पुढे पळणारा टूरवाला नाही. दोघंच, हातात हात घालून. अहो, ज्यांनी मिरजेच्या बाजारात चाळीस वर्षं बायकोच्या दहा पावलं पुढे चालून काढली, ते पॅरिसला हात धरणार!

हसताय काय? तुम्ही किती पावलं पुढे चालत आलात आज देवळात?

तर आलेखाचा मोठा कागद आणला आणि सहल आखली. चार दिवस पॅरिस, तीन दिवस स्वित्झर्लंडचा बर्फ आणि शेवटी व्हेनिस. व्हेनिस म्हणजे काय, तर दाराबाहेर पाऊल टाकलं की पाणीच पाणी. शेजारचे बेडेकर म्हणाले, "त्यासाठी एवढ्या लांब कशाला जाता? पुराच्या दिवसांत सांगलीला चला की." निमकरांनी लक्ष दिलं नाही. बारा मेच्या संध्याकाळी व्हेनिसच्या नावेत बसायचं, आणि डब्यातून जपून नेलेला अबोलीचा वळेसर हिच्या केसांत आपल्या हातानं माळायचा. त्यांनी कागदावर नाव काढली, नावेत दोन ठिपके काढले. एक स्वतः, एक मालिनी.

मालिनीबाई म्हणजे त्यांची बायको. गल्ली त्यांना मालिनीकाकू म्हणते. निमकर काय म्हणतात? "अगं". बस्स. नाव घ्यायची वेळच कधी आली नाही.

जानेवारीतली रविवारची सकाळ. पासपोर्ट दोघांचेही नव्हते. जेवणाच्या टेबलावर निमकर कॉम्प्युटर उघडून बसलेले, समोर बाई मटार सोलतायत. स्वतःचा अर्ज भरून झाला, आता हिचा. नाव, जन्मतारीख, जन्मगाव – चटाचटा चाललंय. आणि पुढे प्रश्न आला: यापूर्वी तुम्ही दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखले जात होता का?

"हो," म्हणत निमकरांनी खूण केली. खाली रकाना उघडला. ते नाव लिहा.

आणि मंडळी, बोटं थांबली! माहेरचं आडनाव आठवलं, वाळिंबे. सासऱ्यांचं नाव आठवलं. सासऱ्यांच्या घरासमोरच्या पिठाच्या गिरणीचंसुद्धा नाव आठवलं! मुलीचं नाव आठवेना. जिच्या हातचं चाळीस वर्षं खाल्लं, जी त्यांच्या आजारपणात खुर्चीत बसून झोपली, तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव या माणसाला येईना.

"अगं... तुझं ते आधीचं नाव गं..."

बाईंनी शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले. "द्वारका," म्हणाल्या.

"हां, हां. द्वारका. लिहितो."

"नाव का बदललं, असं विचारलंय का त्यात?"

"नाही. विचारलं तरी काय, लग्नामुळे."

"लग्नामुळे नाही," बाई म्हणाल्या. "भांड्यांमुळे."

आता इथे थांबतो. तुम्हाला कळलं नाही, पण निमकरांना कळलं. आपल्याकडे लग्नात काय करतात? ताटात तांदूळ पसरतात, आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. लोक टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. तर झालं होतं असं, की या लग्नाच्या आधी निमकरांचं एका दुसऱ्या मुलीशी जमलं होतं. कुरुंदवाडची. तिचं नाव मालिनी. निमकरांच्या आईला दम कुठला! होणाऱ्या सुनेच्या संसारासाठी पातेली, डबे, ताटं, वाट्या, सगळा संच आणला आणि प्रत्येकावर नाव घालून घेतलं: सौ. मालिनी भालचंद्र निमकर. खाली तारीख. आणि पुढच्याच आठवड्यात ती मुलगी नाही म्हणाली! लग्न मोडलं. भांडी राहिली.

मग द्वारका पाहिली, पसंत पडली. लग्नात गुरुजींनी विचारलं, नाव काय ठेवायचं? आई पटकन म्हणाल्या, मालिनी. निमकरांनी अंगठी धरली आणि लिहिलं. का? तर एवढी भांडी वाया कशाला घालवायची! ऐकलंत? पातेल्यावरचं नाव खोडायचं नाही म्हणून माणसाचं नाव खोडलं!

"तुला... तुला हे कुणी सांगितलं?" निमकरांनी विचारलं.

"कुणी नाही. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी भांडी घासत होते. पातेल्यावर तारीख होती, दोन फेब्रुवारी. तुम्ही मला बघायला आलात सोळा मार्चला."

चाळीस वर्षं, मंडळी! तिसऱ्या दिवसापासून! एकवीस वर्षांची पोर, हाताला मेंदी तशीच, मोरीत बसून दुसरीच्या नावाचं पातेलं घासतेय आणि बोटांवर महिने मोजतेय.

"मग बोलली का नाहीस गं इतकी वर्षं?"

"वाटलं, तुम्ही सांगाल."

"आईनं सांगितलं तसं मी..."

"अंगठी तुमच्या हातात होती," बाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मग त्यांनी सालांचं ताट उचललं. "तुमच्या कागदावर नावेत दोन ठिपके आहेत. दुसरा ठिपका मालिनीचा असेल, तर तिला शोधून घेऊन जा. त्या नावाचा पासपोर्ट मी काढणार नाही. सगळीकडे तेच सांगत फिरले, आता परमुलखात जाऊन तेच सांगायचं नाहीये मला."

निमकरांना दोन दिवस घरात भांड्याकडे बघवेना. चहाचा कप तेवढा चिनी मातीचा, म्हणून चहावर राहिले. आधी वाटलं, वेळ जाईल, विसरेल. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. चाळीस वर्षांत विसरली नाही ती आता विसरणार होती? तिसऱ्या दिवशी ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "मी चुकलो. तेव्हा कळत होतं मला, तरी लिहिलं. तुला काय हवंय?"

"माझं नाव," बाई म्हणाल्या.

नाव बदलणं सोपं वाटतं का तुम्हाला? प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, सरकारी राजपत्र, मग आधार, मग बँक, मग रेशनकार्ड. चौकशीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "काका, या वयात कशाला हा व्याप? आहे त्या नावावर काढा पासपोर्ट, मेमध्ये फिरून या." निमकर म्हणाले, "मे गेला तरी चालेल." आणि सगळं आखून जगणाऱ्या त्या माणसानं बारा मेवर आपल्या हातानं काट मारली.

प्रतिज्ञापत्रावर सही करायचा दिवस. कचेरीच्या व्हरांड्यात वकिलांनी कागद पुढे केला. निमकरांना वाटलं, हिला जमेल का? चाळीस वर्षं हे नाव लिहिलेलं नाही, हात अडखळेल. बाईंनी पेन घेतलं आणि एका दमात सही केली, द्वारका. अक्षर कसं? वळणदार, ठसठशीत!

"तुझी सवय गेली नाही?" निमकरांनी विचारलं.

"जाईल कशी? रोज लिहायची की. परातीत पीठ घेतलं की बोटानं नाव लिहायचं. मग पाणी ओतायचं, मळायचं."

रोज! रोज सकाळी, स्वयंपाकघरात, हे दिवाणखान्यात पेपर वाचत असताना! आणि मळलेलं ते नाव रोज यांच्याच पानात! निमकर तिथल्या बाकावर बसले. आतून हाक आली, "अर्जदार कोण आहे?" निमकरांनी तोंड उघडलं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बायकोला नावानं हाक मारली. "द्वारका."

"ओ," बाई म्हणाल्या.

मंडळी, त्यानंतर पासपोर्ट आले आणि ते दोघं दिवाळीनंतर गेलेही. बर्फ पाहिला, नाव पाहिली. ते तुम्हाला फोटोत बघायला मिळेल, त्यासाठी बुवा कशाला हवा?

मी तुमच्याकडे येतो. आहे का इथे कुणी, ज्यानं तांदळात अंगठी फिरवली? मान खाली घालू नका. मनात आणा, तिचं आधीचं नाव काय होतं? आलं पटकन? ज्यांना आलं नाही त्यांनी घरी जाऊन विचारा. चारचौघांत नाही, एकटीला विचारा. आणि बायांनो, त्यानं विचारलं तर "जाऊ द्या आता" म्हणू नका. सांगा. मला म्हणाल, बुवा, तुमचं काय? विचारलं मी. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग सांगितलं. काय ते तुम्हाला सांगणार नाही, ते तिचं आहे.

आता जयजयकाराची वेळ झाली, पण आज तो जरा उशिरा करू. देव रागावणार नाही. त्याला हजार नावांनी हाका मारणारे पुष्कळ आहेत. तुमच्या घरातल्या त्या माउलीचं नाव एकच होतं, आणि ते घेणारं कुणी उरलेलं नाही. आधी ते घ्या.