उत्तरेच्या भिंतीवरची चौथी काच

आदरणीय अध्यक्ष पास्कूकाका, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते फादर इनास, व्यासपीठावर बसलेले आपले माजी सरपंच दामाजीशेठ, आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या खारवलीच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

कार्यक्रम सायबिणीच्या, आपल्या मरियामाउलीच्या देवळात ठरला होता आणि आयत्या वेळी शाळेच्या पत्र्याखाली हलवला, म्हणून सकाळपासून कुरकुर चालली आहे. मनुबाई तर मला रस्त्यातच म्हणाल्या, "काय रं आनंदा, फादरचा शेवटचा मिस्सा पन पत्र्याखाली? देवलाला टालं कोनी मारलान?"

टाळं फादरांनी लावलं. ते माझ्यामुळे लावावं लागलं. हे सांगण्यासाठीच मी पास्कूकाकांकडून दहा मिनिटं मागून घेतली आहेत. मी नववीत शाळा सोडलेला माणूस, बोलताना गाडी घसरू नये म्हणून सगळं लिहून आणलं आहे.

फादर शहाऐंशी साली इथे आले. आदल्याच वर्षी आपण देवळाला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. डोंबिवलीच्या नव्या बिल्डिंगीसारखं दिसतं, म्हणून सगळे खूश होतो. फक्त माझे आजोबा, धाकूमिस्त्री, नाराज होते. ते पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांनी फादरांना पहिल्याच भेटीत ऐकवलं, "फादर, ही जमीन खारी. भितीला घाम येतं. यांनी तिला रेनकोट घातला, आता घाम आतच मुरनार." फादर हसले. मग गंभीर झाले आणि म्हणाले, "मला ती भिंत दाखवा."

आपलं देऊळ एका वेळी बांधलेलं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. उत्तरेची भिंत पोर्तुगीज अमलातली. लढाईत छप्पर जळालं, बाकीचं ढासळलं, आणि ती एकटी शंभर वर्षं उघड्यावर उभी राहिली. मग गावाने तिला धरून उरलेल्या तीन भिंती उभारल्या. खाडीतल्या शिंपल्या भाजून चुना केला, मिठागरांच्या होड्यांतून काळा दगड आणला. भिंत सव्वातीन फूट जाड आहे, मी चार ठिकाणी मोजली आहे. पण नवं काम जुन्या दगडांत गुंतवायचं राहून गेलं, ते नुसतं टेकवलं. पायापासून छपराच्या कैचीपर्यंत सरळ एक जोड आहे. त्याच जोडावर भेग पडली.

एक्क्याण्णवच्या मेमध्ये फादरांनी ठाण्याहून इंजिनीअर आणले. त्यांनी भेगेवर आडव्या सात काचेच्या पट्ट्या चिकटवून घेतल्या. भिंत हलली तर काच तडकणार. सहा महिने रोज सकाळी बघून वहीत लिहायचं. फादरांनी ते काम मला दिलं. मी म्हटलं, "फादर, मी आगऱ्याचा मुलगा, तुमच्या देवळात येत पण नाही." ते म्हणाले, "म्हणूनच तू वर बघणार नाहीस. भिंतीकडे बघशील."

अट सगळ्यांना माहीत होती. सातही काचा शाबूत राहिल्या तर भिंत राहील. एक जरी तडकली तर भिंत पाडून काँक्रीटचे खांब उभे करायचे.

गुरुवार, चौदा नोव्हेंबर एक्क्याण्णव. इंजिनीअर दहा वाजता येणार होते. मी सात वाजता गेलो. चौथी काच तडकलेली होती.

पास्कूकाका, मला पुरतं बोलू द्या.

शिल्लक राहिलेली एक पट्टी माझ्याकडे होती. मी तडकलेली काढली, नवी लावली, वहीत लिहिलं, "सातही शाबूत." अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं मला अजून नवल वाटतं. इंजिनीअरांनी काचा पाहिल्या, वही चाळली, "नोंदी छान ठेवल्या आहेत," म्हणाले आणि शेरा दिला की भिंत स्थिर आहे. आजोबा त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "बघ, माज्या म्हाताऱ्या भितीनं लाज राखली." मी जेवलो नाही. आजोबा, तुम्हालाही हे आज इथेच कळतं आहे. मान खाली घालू नका, ती मी घालायची आहे.

मी हे का केलं? भिंत वाचवायला, असं मी दीड वर्ष स्वतःला सांगत होतो. पण भिंत वाचली का? शेरा स्थिर म्हणून टेकू लागला नाही, सिमेंट निघालं नाही, जोड शिवला गेला नाही. तुम्ही त्याच भिंतीला पाठ टेकून बसत राहिलात. त्यानंतर देवळात अकरा लग्नं झाली. प्रत्येक लग्नात मी दाराशी उभा राहून वरातीकडे नाही, चौथ्या काचेकडे बघत होतो.

परवा शुक्रवारी सकाळी तीही तडकली.

मी फादरांकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "आधीची कधी तडकली होती?" मी तारीख सांगितली. ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "आनंदा, तुझ्यावर रागवायला मला आत्ता वेळ नाही. किल्ली कुठे आहे?" स्वतः जाऊन त्यांनी कुलूप घातलं. सात वर्षं ज्या वेदीसमोर ते उभे राहिले, तिथे शेवटचा मिस्सा करायचा त्यांचा हक्क होता. तो मी घालवला.

फादर, तुमच्याबद्दल चांगलं बोलायला इथे पुष्कळ माणसं आहेत. मी एवढंच सांगतो, हे तुम्हीच नव्या फादरांना कळवा, अशी मी विनवणी केली होती. तुम्ही म्हणालात, "बसणारे ते आहेत. त्यांना सांग."

म्हणून सांगितलं. पावसाला दहा दिवस आहेत. आजोबा पहिल्यापासून म्हणत आले आहेत, लाकडी टेकू लागले, सिमेंट उतरवलं आणि लांब दगड घालून जोड शिवला तर भिंत अजून तगेल. पण ते आता इंजिनीअरांनी खरी वही पाहून ठरवावं. कदाचित ते पाडाच म्हणतील. चौदा नोव्हेंबरच्या ओळीपुढे मी काल खरं काय ते लिहून सही केली आहे. वही अध्यक्षांच्या हातात देतो. यापुढे काचा बघायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. भाषणात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर ते पोटात घाला. वहीतलं मात्र घालू नका.