आईचा पंजा पंच्याऐंशी

…नाही, सही नंतर करा ताई, आधी बसा. पत्रात लिहिलंय ते खरं आहे — लॉन्ड्रीचा बॉयलर फुटला तेव्हा सापडलेला तो हात तुमच्या आईचाच. तुमच्या रक्ताशी जुळला. चूक कुणाची ते मात्र पत्रात नाही, तिथं 'अनवधानाने' असा शब्द आहे. तो शब्द मीच सुचवला. चूक माझी. इथल्या तपासणीत, या टेबलावर मापं मीच घेतो, एकोणीस वर्षं झाली.

कशी झाली म्हणता? ढिगाऱ्यातून ओळखण्याजोगा एकच हात आला, आणि बेपत्ता दोघं — तुमची आई आणि तिथला मुकादम. मग हात बाईचा की पुरुषाचा, एवढंच ठरवायचं. त्याचा आमच्याकडे तक्ता आहे — पंज्याची रुंदी ब्याऐंशी मिलिमीटरच्या वर गेली की पुरुष, खाली राहिली की बाई. करंगळीशेजारचं बोट तर्जनीहून बरंच लांब असलं तरी पुरुष. हा पंजा भरला चौऱ्याऐंशी, बोटंही तशीच. मी लिहिलं, पुरुष. झालं — मुकादम मेला, आणि तुमची आई… हो, पळून गेली, लोक तेच म्हणाले. तुम्हीही तिचा फोटो भिंतीवरून उतरवलात, मघाशी म्हणालात ना. तीन वर्षं. आणि तो मुकादम गेल्या महिन्यात भावाच्या घरी सापडला, चांगला धडधाकट. तेव्हा कुठं तुमचं रक्त मागवलं.

तक्ता खोटा नाही हो. पण तो केला कुणाच्या हातांवरून? नर्सिंगच्या मुली, ऑफिसातल्या बायका. जन्मभर ओल्या चादरी पिळणारीचा हात त्यात एकही नव्हता. साहेब तुम्हाला एवढंच सांगतील. मीही एवढंच सांगणार होतो.

पाणी घ्या. नको? बरं.

तसा एक हात होता. म्हणजे — आला होता. तक्ता करताना साहेब म्हणाले, घरच्या बायकांनाही आणा. मी आईला आणलं. ती दोर वळायची, बत्तीस वर्षं वळले, त्यावरच मी शिकलो. ठेवणीतले कपडे घालून आली, हात दोनदा साबणानं धुऊन. तुम्ही बसलाय ना, त्याच खुर्चीत. पंजा भरला पंच्याऐंशी. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "आईला आणलंस की मुकादमाला?" सगळे हसले. मीही हसलो — तिच्यासमोर. तिनं हात मांडीवर ओढून दुसऱ्या हातानं झाकला. संध्याकाळी मी तिचा कागद गठ्ठ्यातून काढून खणात टाकला आणि साहेबांना म्हटलं, ती नोंद चुकली. घरी तिनं विचारलं, "माझा हात लिहिलास ना रे?" मी म्हटलं, हो.

एका हातानं तक्ता बदलला नसता, ठाऊक आहे मला, हिशोब मलाही कळतो. पण ताई, तुमच्या आईचा हात कॅलिपरमध्ये धरला तेव्हा मला आईच आठवली. तसेच जाड सांधे, तळव्याला तसेच घट्टे. 'सांगता येत नाही' — तीन शब्द लिहायचे होते. साहेबांनी विचारलं असतं, का? मग खण उघडावा लागला असता, आणि सगळे पुन्हा हसले असते. म्हणून लिहिलं, पुरुष. चुकून नाही लिहिलं. हे मी — हे सांगायचं नव्हतं मला.

काय? माझ्या आईला? नाही, तिला कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला हात उघडून दाखवायची — हा माझा हात सरकारी तक्त्यात आहे म्हणायची.

इथं सही करा. खाली, तारखेच्या वर. झालं. जा आता ताई, आणि जाताना दार ओढून घ्या.